पडद्यावरचीं बेटें

जुनीं नाणीं, पोस्टाचीं तिकिटें किंवा पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थास आपला समाज थोडासा हंसतो, परंतु त्याचा छंद समाजास समजतो. शिवराई जमविणारा मनुष्य इतिहासाची सेवा करीत आहे असें निदान म्हणतां तरी येतें. परंतु बेडकांचें डरांव डरांव, पोपटांच्या किंकाळ्या, बांबूच्या नळ्यांचा खडखडाट, आणि या सर्वांतून हळूहळू वाट काढीत चाललेला पियानो, असा ऐवज भरलेल्या अमेरिकन तबकड्या जो जमवितो, त्यानें पाहुण्यांपुढें कोणतें समर्थन करावें? आम्हीं अशा तबकड्या पुष्कळ वर्षें जमवीत आलों आहों. कांहीं मुंबईच्या चोरबाजारांत धुळीखालीं मिळाल्या, कांहीं परदेशाहून मागविल्या, आणि त्यांतील एक तर वाटेंत दुभंगून अर्धचंद्राच्या दोन तुकड्यांच्या रूपानें घरीं आली. या संगीतास 'एक्झॉटिका' असें म्हणतात. त्याचें समर्थन करण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं. पण या संग्रहाच्या नादानें जो इतिहास आम्हांस वाचावा लागला, तो वाचकांपुढें ठेवण्यासारखा आहे. कारण त्याच्या एका प्रकरणांत आपला देशहि, आपणांस न विचारतां, पात्र म्हणून रंगभूमीवर उभा केलेला आहे.

कथेचा आरंभ होनोलुलूच्या एका मद्यगृहांत करणें सोयीचें. न्यूयॉर्कमध्यें १९११ सालीं जन्मलेला मार्टिन डेनी नांवाचा पियानोवादक १९५४ च्या जानेवारींत दोन आठवड्यांच्या करारावर हवाई बेटांत आला, आणि दोन आठवडे संपले तरी परतला नाहीं. पुढील वर्षीं त्यानें आपला लहानसा ताफा उभा केला. हेन्री कैसर या धनाढ्य कारखानदारानें वाइकीकीच्या किनाऱ्यावर 'हवाईयन व्हिलेज' नांवाचें हॉटेल बांधलें होतें. त्यांतील 'शेल बार'मध्यें हा ताफा वाजवूं लागला. व्हायब्राफोनवर आर्थर लायमन, तालवाद्यांवर ऑगी कोलोन, बासवर जॉन क्रेमर आणि पियानोवर स्वतः डेनी. वादकांच्या शेजारींच खडकांनीं बांधून काढलेलें एक लहान तळें होतें. एके रात्रीं गत रंगांत आली असतां त्या तळ्यांतील बेडूक ओरडूं लागले. वाद्यें थांबलीं तों बेडूकहि थांबले. डेनीनें थोड्या वेळानें तीच गत पुन्हां घेतली. बेडूक पुन्हां बोलूं लागले. ताफ्यांतील मंडळीस गंमत वाटली व त्यांनीं थट्टेनें पक्ष्यांचे आवाज काढण्यास आरंभ केला. दुसरे दिवशीं एक पाहुणा येऊन विचारतो कीं, ती बेडकांची व पक्ष्यांची गत आज पुन्हां वाजवाल काय? डेनीस प्रथम प्रश्नाचा अर्थच कळेना. मग उमगलें कीं, या भल्या गृहस्थानें तो सगळा गोंधळ रचनेचाच भाग समजला आहे. पुढल्या तालमीच्या वेळीं डेनीनें प्रत्येकास एकेक पक्षी वांटून दिला, आणि बेडकाचें काम स्वतःकडे घेतलें. खांचा पाडलेल्या पोकळ वाद्यावर काडी घासून तो तें करी.

ही हकीकत डेनी उतारवयांतहि आवडीनें सांगत असे. तिच्यावर थोडी कलाकुसर चढली असल्यास नकळे. परंतु या संगीताचा सगळा स्वभाव तिच्यांत सांठविलेला आहे. पहिल्या रात्रीं बेडूक खरे होते. तबकडीवर जे आले ते सर्व पगारी.

ती तबकडी, नांव 'एक्झॉटिका', १९५६ च्या डिसेंबरांत होनोलुलूमध्यें मुद्रित झाली आणि १९५७ सालीं लिबर्टी कंपनीनें बाजारांत आणली. नांव कंपनीचे चालक साय वारोन्कर यांनीं सुचविलें, व तेंच पुढें अवघ्या प्रकारास चिकटलें. तिची पहिली गत 'क्वाएट व्हिलेज' ही, म्हणजे बेडकांचीच. ही मूळ रचना डेनीची नव्हे. ती लेस बॅक्स्टर या टेक्ससमध्यें जन्मलेल्या संगीतकाराची. बॅक्स्टरनें १९५१ सालीं मोठा वाद्यवृंद घेऊन 'रिच्युअल ऑफ द सॅव्हेज' या नांवाची तबकडी काढली होती, आणि तिला एक फ्रेंच उपनांवहि दिलें होतें. तें फ्रेंच नांव स्ट्राविन्स्कीच्या १९१३ च्या प्रसिद्ध नृत्यनाट्याच्या नांवावरून उघडउघड बेतलेलें आहे. येथें संग्राहकानें क्षणभर थांबावें. हें संगीत केवळ मद्यगृहांत जन्मलेलें अनाथ पोर नव्हे. १८८९ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत जावा बेटाचा गामेलान ऐकून देबुसी मोहित झाला होता. रशियन व फ्रेंच संगीतकारांनीं पूर्वेचीं स्वप्नें रंगविण्यांत पन्नास वर्षें घालविलीं होतीं. डेनीच्या तबकडीवर 'लोटस लँड' नांवाची जी गत आहे ती सिरिल स्कॉट या इंग्रज संगीतकारानें १९०५ सालीं पियानोसाठीं लिहिलेली. थोरांच्या दिवाणखान्यांतील शाल धाकट्यांच्या बैठकींत आली, एवढेंच. तिच्यावर उंची मद्याचे थोडे डाग पडले हें खरें.

आतां ही शाल पांघरण्याची हौस अमेरिकेस त्याच वेळीं कां झाली हें पाहिलें पाहिजे. दारूबंदी १९३३ च्या डिसेंबरांत उठली, आणि त्याच सुमारास हॉलिवुडमध्यें 'डॉन द बीचकोमर' हें वेतबांबूंनीं सजविलेलें मद्यगृह निघालें. ओकलंडमध्यें 'ट्रेडर विक' निघाला. पुढें महायुद्ध आलें. लाखों तरुण शिपाई पॅसिफिकच्या बेटांवर जाऊन आले. त्यांनीं तेथें चिखल, मलेरिया व मरण हींच अधिक पाहिलीं असतील; परंतु घरीं परतल्यावर मनुष्य चिखलाची आठवण दिवाणखान्यांत मांडीत नाहीं. जेम्स मिचेनरचें दक्षिण पॅसिफिकच्या कथांचें पुस्तक १९४७ सालीं आलें, त्याचें संगीतनाटक १९४९ सालीं झालें. मध्यंतरीं थोर हेयर्डालचा तराफा कोन-टिकी पेरूहून पॉलिनेशियास जाऊन पोंचला. मद्यगृहांच्या दारांत लांकडी 'टिकी' उभे राहिले. माओरी परंपरेंत टिकी हा आदिपुरुष. मार्केसस बेटांतहि पूर्वजांच्या मूर्तींस हेंच नांव आहे. अमेरिकेंत त्याच्या आकाराचे मातीचे पेले करून त्यांतून रम देऊं लागले. आपल्या देवघरांतील खंडोबाच्या टाकावरून कोणी चहाचा पेला बेतला व परदेशीं खपविला, तर आपणांस काय वाटेल, याचा विचार वाचकांनींच करावा. आमच्या संग्रहांत असा एक पेला होता. तो आम्हीं देऊन टाकला. तबकड्या मात्र ठेविल्या. यांत विसंगति आहे हें आम्हांस मान्य आहे.

१९५९ च्या ऑगस्टांत हवाई हें अमेरिकेचें राज्य झालें, आणि त्याच वर्षीं डेनीची दोन वर्षें जुनी तबकडी खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. ज्या बेटांची राणी लिलिउओकलानी हिला १८९३ सालीं अमेरिकन व्यापाऱ्यांनीं सिंहासनावरून दूर केलें, आणि जीं बेटें १८९८ सालीं खालसा झालीं, तीं आतां घरचींच झालीं होतीं. राणी स्वतः गीतरचना करीत असे; जगभर निरोपाचें म्हणून गाइलें जाणारें 'अलोहा ओए' हें गाणें तिचेंच. तिच्या नांवाचें एक गीत डेनीच्या दुसऱ्या तबकडीवर आहे. पक्ष्यांच्या कलकलाटांत तें ऐकतांना आम्हांस नेहमींच थोडें अवघडल्यासारखें होतें.

संग्रह करूं इच्छिणारास एक व्यवहाराची गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. 'एक्झॉटिका' या नांवाच्या, एकाच चित्राच्या वेष्टनांत, दोन निरनिराळ्या तबकड्या आहेत. पहिली १९५७ ची, एकमार्गी ध्वनीची, क्रमांक एल. आर. पी. ३०३४. पुढें स्टीरिओचें युग आलें. घरोघरीं दोन कर्णे आले व शेजाऱ्यांस थक्क करण्याजोगी तबकडी प्रत्येकास हवी झाली. डावीकडून पोपट व उजवीकडून माकड, यापेक्षां अधिक थक्क करणारें काय असणार? म्हणून १९५८ सालीं त्याच गती पुन्हां वाजवून एल. एस. टी. ७०३४ ही दुसरी तबकडी काढली. परंतु तोंवर लायमन ताफा सोडून गेला होता. त्याच्या जागीं ज्यूलियस वेक्टर होता. दुसरींत पक्षी अधिक स्पष्ट आहेत, पहिलींत संगीत अधिक जिवंत आहे. डेनीचें स्वतःचें मतहि पहिलीच्याच बाजूचें होतें. आम्हीं चार वर्षें दुसरीसच पहिली समजून ऐकत होतों. वेष्टनावर बांबूच्या पडद्याआडून पाहणारी स्त्री दोन्हींवर तीच. ती सँडी वॉर्नर. डेनीच्या पुढल्या कितीतरी वेष्टनांवरहि तीच आहे, केवळ केसांचा रंग व वेष विषयानुरूप बदललेला. एकाच नटीनें सर्व बेटांचीं कामें केलीं!

लायमन हा मात्र हवाईचाच. त्याची आई हवाईयन, बापाच्या रक्तांत हवाईयन, फ्रेंच, बेल्जियन व चिनी असे चार प्रवाह. बाप अपघातांत आंधळा झालेला व शिस्तीचा कडक. पोरास शाळेंतून आल्यावर बेनी गुडमनच्या तबकड्यांसह खोलींत कोंडून ठेवी आणि त्यांच्याबरोबर वाजवावयास लावी. पोर खेळण्यांतल्या मारिंबावर लायोनेल हँप्टनचे सूर गिरवी. म्हणजे बेटांवरच्या खऱ्या पोराची तालीम शिकागो-न्यूयॉर्कच्या जाझमध्यें झाली, आणि न्यूयॉर्कच्या गृहस्थानें त्यास बेटांचें संगीत वाजवावयास नेमलें. स्वतंत्र झाल्यावर लायमननें १९५८ सालीं 'टाबू' ही तबकडी काढली. ती कैसरच्या हॉटेलांतील अल्युमिनियमच्या घुमटांत मुद्रित झाली. या घुमटांत ध्वनि सुमारें तीन सेकंद घुमत राही. रहदारीचा व प्रवाशांचा गोंगाट टाळण्याकरितां मुद्रण मध्यरात्रीनंतर होई. आणि रात्रीच्या गारव्यानें धातु आकुंचन पावून घुमट कुरकुरे, तें कुरकुरणें कांहीं मुद्रणांत ऐकूं येतें. तो घुमट १९९९ सालीं पाडला. आमच्या मतें सगळ्या एक्झॉटिकामध्यें खरोखर हवाईचा असा आवाज हा एवढाच.

आतां त्या प्रकरणाकडे वळूं. १९४९ सालीं लॉस एंजेलिस येथील दूरचित्रवाणीवर 'कोर्ला पंडित' नांवाचा एक तरुण हॅमंड ऑर्गन वाजवूं लागला. डोक्यास पागोटें, पागोट्यावर ललाटाच्या मध्यभागीं रत्न, आणि दृष्टि सरळ प्रेक्षकांच्या डोळ्यांत. बोलत मात्र एक शब्दहि नसे. शेंकडों प्रयोग झाले, परंतु त्यानें तोंड उघडलें नाहीं. गृहिणींत त्याचें मोठें वेड पसरलें. जाहीर चरित्र असें कीं, जन्म नवी दिल्लीचा, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच गायिका. आपल्यापैकीं कोणी तेव्हां तेथें असता तर त्यास पहिल्याच दर्शनीं शंका आली असती. दिल्लीच्या ब्राह्मणास रत्नजडित पागोटें कोठून? कोर्लईचा किल्ला आपणांस ठाऊक आहे. कोर्ला हें नांव मात्र कोणत्या पंचांगांतून काढलें तें कळत नाहीं. आणि वादनांत राग म्हणावा असें कांहींच नाहीं. आहे तो ऑर्गनवर विलक्षण हुकमत असलेला हात.

तो १९९८ सालीं मरण पावला. १९९४ सालीं एका हॉलिवुडच्या चित्रपटांत तो स्वतःच्याच भूमिकेंत दिसला, तेव्हांहि तें पागोटें होतेंच. त्याच्या मृत्यूनंतर, २००१ सालीं, आर. जे. स्मिथ या पत्रकारानें सत्य उघड केलें. तो जॉन रोलंड रेड. जन्म १९२१ सालीं सेंट लुइस येथें. बालपण मिझूरी प्रांतांत गेलेलें. कृष्णवर्णीय अमेरिकन कुटुंबांतील धर्मोपदेशकाचा मुलगा. दिल्ली त्याचें गांव कधींच नव्हतें. कोर्ला होण्यापूर्वीं तो 'हुआन रोलँडो' या मेक्सिकन नांवानें वाजवीत असे, कारण त्या नांवास जीं दारें उघडत तीं रेड या नांवास बंद होतीं. त्याची पत्नी गोरी. १९४४ सालीं त्यांस विवाहासाठीं सीमा ओलांडून मेक्सिकोंत तिवानास जावें लागलें, कारण कॅलिफोर्नियांत असा विवाह १९४८ पर्यंत कायद्यास मान्य नव्हता.

हें प्रथम वाचलें तेव्हां आम्हांस राग आला होता, हें कबूल करतों. आपल्या देशाचा असा बाजार मांडिला याचा राग. वर्णाचा हिशेब पाहिल्यावर तो उतरला, परंतु त्याच्या जागीं जें आलें तें क्षमा म्हणण्यासारखेंहि नाहीं. आमच्या पिढीस बालगंधर्वांच्या गोष्टी ऐकून ठाऊक आहेत. ते शालू नेसून सिंधू किंवा भामिनी होत, तेव्हां प्रेक्षागृहांतील प्रत्येकास ठाऊक असे कीं हे नारायणराव राजहंस आहेत. त्या ठाऊक असण्यांतच रसिकतेचा अर्धा आनंद होता. नाटक संपलें कीं शालू उतरे. नाटकांतील अरण्याच्या पडद्याचेंहि तसेंच. त्यावरील झाडें कोणत्या जातीचीं हें कोणी वनस्पतिशास्त्रज्ञास विचारीत नसे. डेनीचे बेडूक हे त्या पडद्यावरचे. ऐकणारास ठाऊक आहे, वाजविणारास ठाऊक आहे, आणि दोघेहि खुशाल आहेत. रेड यास मात्र शालू उतरण्याची सोय नव्हती. प्रेक्षकांस ठाऊक होऊं न देणें हीच त्याच्या पोटापाण्याची अट होती. हिंदुस्थानाविषयीं अमेरिकन जनतेचें अज्ञान इतकें भरींव होतें कीं, त्याच्या आश्रयानें एक मनुष्य पन्नास वर्षें राहूं शकला. आणि स्वतःच्या देशांतील, स्वतःच्या भाषेच्या लोकांविषयींची तिची तुच्छता इतकी पक्की कीं, त्यास राहावें लागलें.

याच्या उलट प्रकार इमा सुमाक हिचा. ही पेरू देशांत १९२२ सालीं जन्मलेली गायिका. गळा चार सप्तकांहून अधिक फिरणारा. १९५० सालीं बॅक्स्टरच्याच साहाय्यानें तिची 'व्हॉइस ऑफ द एक्स्टाबे' ही तबकडी निघाली व ती इंका सम्राटाची वंशज म्हणून गाजली. लगेच अफवा उठली कीं, ही कसली पेरूची, ही ब्रुकलिनची एमी कॅमस, नांवाचीं अक्षरें उलटीं करून घेतलीं आहेत! खऱ्या पेरूकरणीवर संशय आणि मिझूरीच्या पंडितावर विश्वास. लोकांस बेटें व दूरदेश हवे होते. तेथील माणसें पारखण्याची दृष्टि त्यांस नव्हती.

हवाईचें खरें संगीत मात्र याच काळांत, किंबहुना याच्या फार आधीं, दुसऱ्याच वाटेनें आपल्या घरीं येऊन राहिलें होतें. मांडीवर आडवी घेऊन धातूच्या कांडीनें तारांवर सूर घसरविण्याची गिटारची रीति हवाईच्या जोसेफ केकुकु यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारांत आणली. ती फिरत्या ताफ्यांबरोबर हिंदुस्थानांत आली. टाऊ मो व त्याचें कुटुंब महायुद्धाच्या काळांत कलकत्त्यास राहून वाजवीत असे. पुढें मुंबईच्या चित्रपटसृष्टींत व्हॅन शिप्ली हा वादक त्या गिटारवर प्रसिद्ध झाला, आणि सिनेमाच्या गाण्यांच्या तशा तबकड्या महाराष्ट्रांतील कितीतरी घरांत लग्नकार्यास वाजल्या. ब्रिजभूषण काबरा यांनीं ती थेट रागदारींत आणली. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्यें संतूर व बांसरी यांच्या जोडीस ती आहे, आणि ती परकी आहे याची आठवण ऐकणारास होत नाहीं. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेपर्यंतची कथा सर्वांस ठाऊक आहेच. हवाईचें वाद्य येथें आलें तेव्हां त्यानें बरोबर ना पक्षी आणले ना वेष्टनावरची स्त्री. मींड काढतां येते एवढ्याच गुणावर तें राहिलें.

एक्झॉटिकाचा बहर दहा वर्षेंहि टिकला नाहीं. १९६४ नंतर तरुणांस गिटारचा गोंगाट हवासा झाला, आणि त्या तबकड्या तळघरांत, तेथून धर्मादाय दुकानांत गेल्या. तेथें त्या धूळ खात असतां जपानच्या 'यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा'नें १९७८ सालीं डेनीची 'फायरक्रॅकर' ही गत उचलून यंत्रवाद्यांवर वाजविली. अमेरिकनानें काढलेलें आशियाचें चित्र आशियानें हंसत हंसत पुन्हां काढून दाखविलें. मग १९९३ सालीं 'इन्क्रेडिबली स्ट्रेंज म्युझिक' हें पुस्तक निघालें, १९९६ पासून कॅपिटल कंपनीनें 'अल्ट्रा-लाउंज' ही माला काढली, आणि जुन्या तबकड्यांस पुन्हां गिऱ्हाईक आलें. डेनीनें हें सर्व पाहिलें. तो २००५ सालीं, होनोलुलूमध्येंच, वारला. आज तर फोनवर बोट ठेवलें कीं बेडूक बोलूं लागतात. तरीहि तबकडी हवी असें आम्हांस वाटतें तें वेष्टनासाठीं. कोणी कोणास काय म्हणून विकलें, हें फोन सांगत नाहीं. वेष्टनाच्या पाठीवरील मजकूर मोठ्या निर्लज्जपणें सांगतो.

राहतां राहिली मांडणी. आरंभीं आम्हीं कपाटांत देशवार खण केले होते: हवाई, पेरू, चीन, हिंदुस्थान. कोर्ला पंडिताची फँटसी कंपनीची लाल तबकडी 'हिंदुस्थान' या खणांत, काबरांच्या शेजारीं, कौतुकानें ठेविली होती. पुढें ती मांडणी मोडून वाजविणाराच्या गांवाप्रमाणें केली. तेव्हां बॅक्स्टर टेक्ससला गेला, डेनी न्यूयॉर्कला, लायमन एकटा हवाईस उरला. इमा सुमाक होती तेथेंच राहिली. लाल तबकडी मिझूरीच्या खणांत गेली. तो खण लहान आहे आणि त्यांत दुसरें कांहीं नाहीं. त्यावरील चिठ्ठीवर आम्हीं दोन्ही नांवें लिहिलीं आहेत. प्रथम रेड, खालीं कोर्ला पंडित.